बोट नेमकी केव्हा थरथरते?

पत्र: काका, नमस्कार. शिवोलीला माझी 21 फुटी फायबरची बोट आहे. दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतली. आत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बाहेर पाण्यात गिअरची पेटी आणि पंखा. पावसाळाभर ती काठावर ताडपत्रीखाली होती. ऑक्टोबरात पाण्यात उतरवली आणि तेव्हापासून थरथरते. 1500 ते 2200 आरपीएमला पायाखालची फळी कापते, 3000 च्या वर गेलं की कमी होतं. डावीकडे वळवलं की मागून घरघर, जोरात वळवलं तर ठकठक. न्यूट्रलला इंजिन गोड चालतं. फेब्रुवारीत मोरजीसमोर वाळूला घासली होती, म्हणून मेस्त्रीने पंखा बदलायला सांगितलं. नवा पंखा घातला, फरक शून्य. आता तो म्हणतो, अख्खा ड्राइव्हच बदला. डिसेंबरात मुंबईहून बहिणीची मंडळी यायची आहेत. काय करू? ता. क. इंजिनाच्या पुढच्या दोन माउंटिंग (इंजिन टेकतं ते रबरी पाय) गेल्या डिसेंबरात बदलल्या होत्या, पण त्यानंतर मे महिन्यापर्यंत काही त्रास नव्हता.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ताज्या कलमात आहे. तिच्याकडे येतोच. त्याआधी एक काम करा. बोट अजून शापोरा नदीत नांगरून ठेवली असेल, तर येत्या भरतीला वर काढा. थरथरीसाठी नव्हे, थरथरीने बोट लगेच बुडत नाही. पण ज्या जागी मला दोष दिसतो आहे, तिथेच रबराचा एक घड्याघड्यांचा नळा असतो. मेस्त्री लोक त्याला बेलो म्हणतात. ड्राइव्हकडे जाणारा फिरता शाफ्ट त्याच्यातून जातो आणि नदीचं पाणी त्याच्या बाहेर असतं. तो फाटला की पाणी आधी नळ्यात भरतं आणि पुढे बेअरिंगच्या बाजूने थेट बोटीच्या पोटात येतं. रात्री बोट नीट तरंगत होती आणि सकाळी नुसतं नाक वर दिसलं, असे प्रकार यातूनच होतात. बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाचा, पंप बॅटरीवर चालतो आणि बॅटरी कधीतरी संपते.

तुमच्या मेस्त्रीला मी नावं ठेवत नाही. बोट वाळूला घासली हे ऐकल्यावर कोणाचंही लक्ष आधी पंख्याकडेच जाईल, माझंही गेलं असतं. पण पंखा बदलून फरक पडला नाही, तिथे थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी त्याने पंख्याहून मोठी वस्तू बदलायला काढली. बोट कुठे थरथरते हे सगळेच सांगतात आणि ते फारसं उपयोगाचं नसतं, कारण फायबरचा सांगाडा कंप इकडून तिकडे नेतो. पुढच्या बाकाखाली हादरे बसतात आणि दोष मागे असतो. केव्हा थरथरते हे मात्र कोणी नीट सांगत नाही. तुम्ही सांगितलं आहे, आणि त्यातच बरंचसं उत्तर आहे.

आधी ताकद कुठून कुठे जाते ते पाहू. इंजिन आत आणि गिअरची पेटी बाहेर, पाण्यात, ही रचना व्होल्वो पेंटाने 1959 साली बाजारात आणली. तेव्हापासून तिचा सांगाडा फारसा बदललेला नाही. इंजिनाच्या फ्लायव्हीलला एक कपलर असतो, मधे रबर असलेला. त्याच्या दातांत एक शाफ्ट बसतो. तो बोटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडताना एका मोठ्या बेअरिंगमधून जातो, ते गिंबल बेअरिंग. त्याच्या पुढे दोन क्रॉस, ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला असतात तसेच. ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, तरी ताकद तुटत नाही ती या दोन क्रॉसमुळे. पुढे वरच्या पेटीत एक काटकोन, मग उभा शाफ्ट, खालच्या पेटीत दुसरा काटकोन आणि शेवटी पंखा.

आता तुमची लक्षणं. पंखा असंतुलित असेल किंवा पंख्याचा शाफ्ट वाकला असेल, तर हादरा वेगाबरोबर वाढतो, आणि तोही वर्गाने: आरपीएम दुप्पट केले की जोर चौपट. 1800 ला फळी कापत असेल तर 3000 ला दात वाजले पाहिजेत. तुमचं उलट आहे, वर गेल्यावर कमी होतं. शिवाय पंख्याला बोट डावीकडे वळते आहे की उजवीकडे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. वळवल्यावर आवाज बदलतो म्हणजे दोष त्या भागात आहे जो वळताना वाकतो. असा भाग एकच: बेअरिंग आणि दोन क्रॉस. घरघर बहुधा बेअरिंगची, ठकठक बहुधा क्रॉसची.

1500 ते 2200 चाच पट्टा का? तुमच्या मापाची बोट या टप्प्यात नाक वर करून पाणी ढकलत असते, अजून प्लेनवर, म्हणजे वेगाने पाण्यावर उचलली जाऊन, आलेली नसते. इंजिनावर ओझं जास्त आणि फिरणं कमी, अशा वेळी शाफ्ट सरळ रेषेत नसेल तर कपलरचं रबर आणि माउंटिंगची रबरं दोन्ही त्याच्याशी झगडत राहतात. बोट पाण्यावर आली की ओझं उतरतं आणि तक्रार दबते. दबते, जात नाही.

आणि आता ताजा कलम. पुढच्या माउंटिंग बदलल्या म्हणजे इंजिनाची पुढची उंची बदलली, एक-दोन मिलिमीटर का होईना. इंजिन मागे भिंतीला दोन जागी टेकलेलं असतं. पुढून उचललं की कपलरचं तोंड खाली वळतं, पुढून उतरवलं की वर. नवी रबरं पहिल्या काही तासांच्या धावेत बसतात, त्यामुळे त्या दिवशी बरोबर असलेलं मापही नंतर चुकू शकतं. त्या कामानंतर अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे कोणी तपासलं का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही, आणि मला भीती आहे की प्रत्यक्षातही ते झालेलं नाही. डिसेंबर ते मे शाफ्ट वाकडा ओढला जात होता, बेअरिंग मुकाट्याने सोसत होतं. त्यातच बेलोला कुठेतरी बारीक चीर पडली असेल तर खारं पाणी आत गेलं. जूनमध्ये बोट वर काढली आणि बेअरिंग त्या पाण्यात चार महिने न फिरता बसलं. फिरतं बेअरिंग ग्रीस पसरवत राहतं. थांबलेल्या बेअरिंगच्या गोळ्या जिथे टेकलेल्या असतात तिथेच गंज खड्डे पाडतो. ऑक्टोबरात चावी फिरवल्यावर तुम्हाला जे ऐकू आलं ते हेच असावं.

आणखी एक पैज लावतो. पावसाळ्यात ड्राइव्ह वर उचलून ठेवला होता ना? जवळजवळ सगळेच ठेवतात, खाली माती लागू नये म्हणून. पण त्याने बेलो एका बाजूला ताणलेला राहतो, त्याच घडीत रबर कडक होतं आणि फाटतं. शिवाय नळ्यात पाणी असेल तर ते बेअरिंगकडेच ओघळतं. लांबचा मुक्काम असेल तर ड्राइव्ह पूर्ण खाली सोडायचा. त्यासाठी बोट हातभर उंच ठेवावी लागली तरी चालेल.

हे सगळं मी पर्वरीत खुर्चीवर बसून लिहितो आहे, म्हणून खात्री तुम्ही करून घ्यायची. बोट वर आल्यावर ड्राइव्ह खाली घ्या, पाण्याच्या तोंडांवर होजचे कप लावा, पाणी सोडा. इंजिनाच्या खणातला ब्लोअर चार मिनिटं चालवा, मगच चावी. पेट्रोलच्या वाफेशी घाई चालत नाही. न्यूट्रलला, कमी आरपीएमवर, एकाने स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि दुसऱ्याने खणात कान द्यायचा, पट्ट्यांपासून अंग आणि कपडे लांब ठेवून. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या भिंतीवरच्या जाड प्लेटला आणि मूठ कानाला, ही जुनी युक्ती अजूनही फोनच्या ॲपपेक्षा बरी.

‘न्यूट्रलला गोड चालतं’ हे वाक्य इथे फसवतं. लोकांना वाटतं न्यूट्रल म्हणजे मागचं सगळं थांबलेलं. तसं नाही. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा ड्राइव्हमध्ये क्लच अगदी खालच्या पेटीत असतो, ब्राव्होमध्ये वरच्या पेटीत. पण दोन्हींत इंजिन चालू असलं की कपलर, बेअरिंग आणि क्रॉस फिरतातच. स्टिअरिंग सरळ असताना, ओझं नसताना ते गप्प राहतात, एवढंच. म्हणून वळवून ऐकायचं. टोकाला नेल्यावर घरघर वाढली आणि मधे आणल्यावर कमी झाली, की माझ्या लेखी निकाल लागला.

मग इंजिन बंद, चावी खिशात, बॅटरी सुटी. ड्राइव्ह एका बाजूला पूर्ण वळवा, थोडा वर घ्या आणि बेलोच्या घड्या बोटांनी उघडून टॉर्चने बघा. चीर घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. पंख्याखालचं, माशाच्या परासारखं टोक धरून ड्राइव्ह आडवा हलवा. स्टिअरिंग न हलता तो खडखडला, तर पिन आणि बुश झिजले आहेत, आणि तोही एक कंप असतो. खालच्या पेटीचं तेल थोडं काढून बघा. चहात दूध पडल्यासारखं झालं असेल तर पाणी शिरलं आहे. चुंबकाच्या स्क्रूवर बारीक राखाडी लेप चालतो. कण टोचायला लागले तर गिअर बोलतो आहे.

वाळूला घासल्याचा संशय मी पूर्ण सोडलेला नाही. पंखा उतरवा, ड्राइव्ह न्यूट्रलला ठेवा, एक तार कुठेतरी पक्की बांधून तिचं टोक शाफ्टच्या टोकाला जेमतेम टेकेल असं आणा आणि शाफ्ट हाताने फिरवा. तार आणि शाफ्ट यांतली फट फिरताना कमी-जास्त झाली तर शाफ्ट आउट आहे. मग डायल गेज असलेला माणूस बोलवा, तो नेमकं किती ते सांगेल. शाफ्ट वाकला असेल तर सीलही लवकर जातं, म्हणून तेल दुधाळ आणि फट कमी-जास्त हे दोन्ही एकत्र दिसलं तर मी माझं मत बदलेन. पंख्याच्या मागे वॉशरजवळ नायलॉनचा दोर गुंडाळला आहे का तेही बघा. नवा पंखा बसवताना मेस्त्रीने ते पाहिलं असेलच, तरी विचारा. शापोऱ्याच्या तोंडाशी जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात.

नायलॉनवरून आठवलं. तरुणपणी मी खनिजाच्या बार्जवर होतो. एक बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जाताना असा हादरायचा की चहाचा कप टेबलावर चालत जायचा. आम्ही शेवटचं बेअरिंग बदललं, कपलिंगचे बोल्ट बदलले, माझ्याच सांगण्यावरून शाफ्ट लेथवर चढवला. तीन आठवडे गेले. शेवटी एक पाणबुड्या खाली उतरला आणि गार्डच्या आतून हाताएवढं जाळं ओढून वर घेऊन आला. मालकाने मला काही म्हटलं नाही, फक्त ते जाळं माझ्या केबिनच्या दाराला टांगलं.

आता पेट्रोलचं, कारण उत्तर पाठवायच्या आधी मी स्वतःला विचारलं की इंजिनच मिसिंग करत असेल, एखादा सिलिंडर पेटतच नसेल तर? हिशेब बघा. तुमच्या ड्राइव्हचं गुणोत्तर समजा 1.8:1 आहे, म्हणजे इंजिनाच्या 1.8 फेऱ्यांना पंख्याचा एक. इंजिन 1800 ला फिरतं म्हणजे सेकंदाला 30 फेरे. पंखा मिनिटाला 1000, म्हणजे सेकंदाला साधारण 17. एक सिलिंडर बंद पडला तर त्याची उणीव दोन फेऱ्यांतून एकदा जाणवते, म्हणजे सेकंदाला 15. सतरा आणि पंधरा यांतला फरक तळपायांना कळत नाही, म्हणून आजारी प्लग आणि वाकडा पंखा हे दोघे एकमेकांच्या नावाने खपतात. त्यात आपल्याकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बोटींच्या इंजिनवाल्यांनी सहसा 10 टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी चार महिने ठेवली तर पाणी मिसळलेला थर तळाशी बसतो, आणि इंजिन तळातूनच पितं. तुमच्या बाबतीत वळणाची घरघर असल्यामुळे मी हा संशय मागे ठेवला आहे, पण वॉटर सेपरेटरचा, म्हणजे पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा, फिल्टर काचेच्या बरणीत ओतून बघायला पाच मिनिटं लागतात. प्लगही काढून बघा; पाच एका रंगाचे आणि एक काळा-ओला निघाला तर मला लगेच लिहा. चालू इंजिनाच्या प्लगची वायर ओढून सिलिंडर तपासायची गॅरेजातली सवय बोटीत नको. तिथे ठिणगी पडली तर खण बंद असतो.

सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे निघालं तर ड्राइव्ह उतरवायला लागेल. घाबरण्यासारखं नाही, अल्फा असेल तर सहा नट. ड्राइव्ह वजनदार असतो, दोन माणसं आणि खाली टेकू हवा. उतरल्यावर बेअरिंगच्या आतली कडी बोटाने फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं, गेलेलं वाळूत फिरल्यासारखं. क्रॉस दोन्ही दिशांनी वाकवून बघा. मधेच अडकला किंवा प्ले लागला तर बदलायचा. कपलरच्या खाली, बिल्जमध्ये, काळ्या रबराची पूड पडली आहे का बघा, जळक्या रबराचा वास येतो का तेही. कपलर गेला असेल तर मात्र काम वाढतं, कारण त्यासाठी इंजिन पुढे ओढावं लागतं.

इथे कोणीतरी सांगेल, म्हापशाला ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात असाच क्रॉस निम्म्या पैशात मिळतो. माप जुळेलही. तरी घेऊ नका. ट्रकखालच्या क्रॉसवर खाऱ्या पाण्याची वेळ येत नाही. बेलो, बेअरिंग आणि लागले तर क्रॉस, एकाच वेळी नवे घाला. मजुरी ड्राइव्ह उतरवण्याची असते. एकेक करून तीनदा उतरवलात तर तीनदा द्याल. बेअरिंगला ग्रीसचं भोक असेल तर ते बाहेरच्या निपलसमोर यायला हवं. ते फिरलेलं राहिलं तर पुढची पाच वर्षं तुम्ही भिंतीला ग्रीस पाजत राहाल.

आणि अलाइनमेंट बार. हे मेस्त्रीला काम देण्याआधी विचारायचं. हा एक सरळ लोखंडी दांडा असतो, शाफ्टच्याच मापाचा. बेअरिंग आपल्या खोबणीत थोडं डोलतं, म्हणून आधी बार घालून चारी बाजूंनी हलके ठोके देत त्याला सरळ बसवायचं. मग बारच्या टोकाला ग्रीस लावून तो कपलरमध्ये सरकवायचा. दोन बोटांनी आत गेला तर उत्तम. बाहेर काढून ग्रीसवर दातांचे ठसे बघायचे. चहूबाजूंनी सारखे असतील तर इंजिन बरोबर आहे. नुसते वर किंवा नुसते खाली उमटले असतील तर पुढच्या माउंटिंगचे नट फिरवून इंजिन उचलायचं किंवा उतरवायचं आणि पुन्हा बघायचं. तासाभराचं कंटाळवाणं काम आहे. ज्याच्याकडे बार नाही, किंवा ‘अंदाजाने बसतं हो’ असं जो म्हणतो, त्याला ड्राइव्हला हात लावू देऊ नका.

माप घेताना बोट नीट टेकलेली हवी. काठावर दोन पिंपांवर ठेवलेल्या बोटीचा तळ मधे लवतो, आणि लवलेल्या बोटीत जुळवलेलं माप पाण्यात चुकतं. त्याच वेळी पुढच्या माउंटिंगचे स्क्रू ज्या लाकडात गेले आहेत ते तपासा. फायबरच्या आत बहुधा प्लायवूडच असतं. पान्याने फिरवताना स्क्रू न अडता फिरत राहिला, किंवा हातोडीच्या ठोक्याला टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर लाकूड कुजलं आहे. मग अलाइनमेंट कितीही नीट करा, पंधरा दिवसांत पुन्हा बिघडेल. जुनी घेतलेली बोट आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अख्खा ड्राइव्ह नवा घ्यायचा प्रश्न माझ्या मते आजच्या घडीला येत नाही. तेल स्वच्छ असेल आणि शाफ्ट सरळ असेल तर तुमच्या गिअरपेट्यांनी कोणाचं काही वाईट केलेलं नाही. उलट नवा ड्राइव्ह त्याच वाकड्या रेषेवर बसवला असता, तर पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहिलं असतं.

डिसेंबरच्या पाहुण्यांचं: भाग वेळेवर मिळाले तर हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. पाण्यात उतरवल्यावर पहिल्या फेरीला त्यांना नेऊ नका. अर्धा तास एकटेच पुलापर्यंत जाऊन या, 1800 ला डावीकडे वळवा, परत येऊन खण उघडा आणि बिल्ज कोरडा आहे का बघा. दहाएक तास चालल्यावर बार पुन्हा एकदा घालून घ्या. बेलो उघडल्यावर आत काय निघालं ते मला नक्की कळवा, विशेषतः पाणी असेल तर कुठल्या रंगाचं.